दोरा बांधलेली कोहळी

एकोडीत शेत पुरुषाचं आणि धुरा बाईचा, असा रिवाज होता. सातबाऱ्यावर तो कुठे लिहिलेला नव्हता, म्हणूनच बहुधा कुणी तो मोडत नव्हतं. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पिकेल तो धान घरमालकाचा. पण दोन बांध्यांच्या मधला मातीचा जो उंच बांध, ज्याला तिकडे धुरा म्हणतात, त्यावर जे उगवेल, तूर म्हणा, तीळ म्हणा, काकडी-कोहळ्याचे वेल म्हणा, ते घरच्या बाईचं. तिनं ते खावं, विकावं, माहेरी धाडावं. नवऱ्यानं विचारायचं नाही. एरवी चार माणसांत ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे, अशा बायकाही 'माझ्या धुऱ्यावर' म्हणताना मान ताठ करत.

तुलारामच्या घरचा धुरा आधी त्याच्या बायकोचा, चंद्रभागाबाईचा होता. मुलाचं, खेमराजचं लग्न झालं, सून रुळली, आणि एका पावसाळ्याच्या तोंडी चंद्रभागाबाई तिला शेतावर घेऊन गेली. म्हणाली, "मंदे, हा धुरा आता तुहा. माह्या गुडघ्यात दम नाई राह्यला." घरी येताना मंदाबाईची चाल बदलली होती.

तिच्या हाताला गुण होता. पहिल्याच वर्षी कोहळी अशी लागली की उचलायला दोन माणसं लागावीत. कोहळं म्हणजे पुण्याकडची माणसं ज्याला लाल भोपळा म्हणून नाक मुरडतात, तेच. एकोडीत त्याला मान आहे. लेकीच्या लग्नात मांडवाच्या दिवशी पहिली भाजी शिजते ती कोहळ्याची, आणि ते कोहळं घरच्याच धुऱ्यावरचं लागतं. बाजारचं आणलं तर पाहुणे जेवतात, पण उठताना एकमेकांकडे बघतात. घरच्या मातीनं लेकीला निरोप दिला नाही, असा त्याचा अर्थ होतो. अर्थ काढायला माणसांना पैसे पडत नाहीत. तुलारामची धाकटी लेक विजयमाला तेव्हा परकर-पोलक्यात होती, पण चंद्रभागाबाई तेव्हापासूनच सुनेला म्हणायची, "विजूच्या मांडवाचं कोहळं तुह्या हातचं बरं."

मग ब्याऐंशी साली गावात जीप आली.

जीपमधल्या साहेबांनी शाळेच्या पटांगणात लोकांना जमवलं आणि सुबाभूळ नावाच्या झाडाचे गुण गायले. हे झाड तीन वर्षांत छपरापार जातं, तोडलं की बुडातून पुन्हा फुटतं, पुन्हा तोडा, पुन्हा फुटतं, जन्मभर. "ही सरपणाची शेती आहे," साहेब म्हणाले. "धान एकदा कापला की संपला. हे कापत राहा, संपणार नाही." रोपं फुकट होती. फुकट म्हटल्यावर एकोडी काय, अख्खा साकोली तालुका विष लावायलाही तयार झाला असता. आणि लावायचं कुठे? बांधीत तर धान. साहेबांनी बोट दाखवलं ते धुऱ्याकडे. "ही सगळी जागा वाया जाते आहे," ते म्हणाले. गावच्या बायका पटांगणाच्या कडेला उभ्या होत्या. त्यांतल्या एकीनंही 'वाया कशी?' म्हणून विचारलं नाही. मंदाबाईनंही नाही. कारण खरं सांगायचं तर तिला ते झाड हवंच होतं. इंधनासाठी जंगलात जाऊन मोळ्या वाहून तिच्या टाळूवरचे केस गेले होते. घराशेजारीच सरपण उगवणार असेल तर तिनं त्या झाडाला हळदीकुंकू वाहिलं असतं.

खेमराज गावात सगळ्यांच्या पुढे. त्यानं सारे धुरे साफ केले. बोरीची झुडपं, रुई, पळसाची खुंटं, वाळकी धांडी, सगळं तोडून तिथंच पेटवलं. मग माती खणली, खड्डे घेतले, उरलेली फावड्यानं चोपून गुळगुळीत केली. त्या संध्याकाळी जेवताना तो हसत हसत बायकोला म्हणाला, "तुह्या धुऱ्यात काय काय भरलं होतं वो! कुदळ मारली का भोकं, कुदळ मारली का भोकं. एकेका भोकात पिवळ्या भुकटीची गोळी, चण्याएवढी. अन् त्या बारीक काळ्या माश्या! डोक्यावर नुसत्या घोंघावत होत्या. पन चावली नाई एकबी."

मंदाबाईला त्या माश्या माहीत होत्या. धुऱ्याच्या उन्हाकडच्या अंगाला, जिथं माती उघडी असते, तिथं सुईनं टोचल्यासारखी भोकं असत. सकाळी कोहळ्याचं फूल उघडलं की माशी आत शिरायची आणि अंगभर पिवळी धूळ माखून बाहेर यायची. कधी कधी तर फुलातच झोपलेली सापडायची. तिला कुणी नाव दिलेलं नव्हतं. जी मध देत नाही आणि डंखही मारत नाही तिची दखल कोण घेतो? मंदाबाईनंही घेतली नाही. ती एवढंच म्हणाली, "वेलाले जागा ठेवजा." "ठेवली ना," खेमराज म्हणाला. "झाडं माही, वेल तुहे."

झाडं वाढली. साहेब खोटं बोलले नव्हते. दुसऱ्या वर्षी फांद्या छाटून चुलीत घालता येऊ लागल्या. मंदाबाईचं जंगलात जाणं सुटलं. टाळूवर पुन्हा केस आले. ती मनापासून खूश होती, हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल.

झाडांची सावली वेलांवर पडते म्हणून तिनं त्या वर्षी आळी धुऱ्याच्या मोकळ्या टोकाला, पूर्ण उन्हात केली. शेणखत घातलं. वेल असे माजले की कुंपण दिसेना. सकाळी पिवळ्या फुलांनी डोळे दिपावेत. पण फळ धरेना. फुलाखाली सुपारीएवढं कोवळं कोहळं यायचं, चार दिवस हिरवं राहायचं, मग पिवळं पडून गळायचं. हंगामभर एखाददुसरंच हाती लागलं. तिला वाटलं, एखादं वर्ष असतं असं. पुढच्या वर्षीही तेच झालं. तोवर सुबाभळीखाली पाल्याचा थर साचला होता, शेंगा फुटून तिच्याच रोपांचं रान माजलं होतं, आणि उघडी माती म्हणून धुऱ्यावर हाताएवढीही उरली नव्हती.

शेजारच्या शेतातली बायजाबाई म्हणाली, "कोनीतरी बोट दाखवलं वो." कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते कुजतं आणि हात लावला की गळतं, हे तिकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दाखवायचंच झालं तर मुठीनं दाखवतात. चंद्रभागाबाईनं कुंपणाला फाटकी वहाण बांधली, चुन्याचे ठिपके दिलेलं काळं मडकं उपडं घातलं. फळं गळतच राहिली. मडक्याला काय करायचं ते त्याला तरी कुठं ठाऊक होतं?

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात विजयमालाचं जमलं. लग्न पुढच्या वैशाखात ठरलं. कोहळं दिवाळीला उतरवलं तर आढ्याखाली वैशाखापर्यंत टिकतं, म्हणजे याच पावसाळ्यात ते धरायला हवं होतं. चंद्रभागाबाई सुनेला रागावली नाही. फक्त म्हणाली, "मंदे, औंदा कोहळं नाई झालं त लोकं माह्या लेकीले नावं ठेवतीन. अन् तुलेबी." मंदाबाईला त्यातलं दुसरं वाक्य जास्त लागलं. लग्नाला सात-आठ वर्षं झाली होती, कूस उजवली नव्हती. घरात तिचं म्हणून जे काही होतं ते त्या धुऱ्यावर होतं. तोच धुरा वांझ निघाला, असं एकदा लोकांच्या तोंडी बसलं की त्याच तोंडानं लोक पुढे काय म्हणतील, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

भादव्यात ती भज्यांसाठी फुलं खुडत होती. भज्यांना ती फुलं घेतात ज्यांच्या खाली फळ नसतं, नुसता दांडा असतो. खुडताना बोटं पिवळी झाली. तिनं ती लुगड्याला पुसली आणि तिथंच थांबली. ही तीच धूळ, जी माशीच्या अंगाला असायची. तिनं कान दिला. फुलांवर चिटपाखरू नव्हतं. दोन वर्षं ती खत बघत होती, ऊन बघत होती, वहाण आणि मडकं बघत होती. एवढी शांतता तिच्या ध्यानातच आली नव्हती. बाजूलाच फळवालं फूल उघडलं होतं. मंदाबाईनं इकडेतिकडे पाहिलं, हातातल्या फुलाच्या पाकळ्या ओरबाडल्या आणि त्याच्या आतला पिवळा दांडा त्या दुसऱ्या फुलात हलकेच फिरवला.

कोवळ्या फळाला हात लावायचा नाही, हा नियम तिनं उघड्या डोळ्यांनी मोडला होता. म्हणून घरी ती कुणाला बोलली नाही. कोणतं फूल होतं ते ओळखू यावं म्हणून तिनं जुन्या लुगड्याच्या काठातला लाल दोरा उसवून त्याच्या देठाला बांधला होता. ते फळ गळलं नाही. लिंबाएवढं झालं, मग नारळाएवढं. आजूबाजूची गळली, ते फुगत गेलं. मंदाबाई त्या आळ्याशी बसून रडली. सुखानं रडली. मग रोज सकाळी दव असतानाच जाऊ लागली. जेवढी फळवाली फुलं उघडत तेवढ्यांना ती धूळ लावायची आणि प्रत्येकाला दोरा बांधायची.

इथंच तिचं चुकलं. दोरा बांधायला नको होता. पण चूक म्हणावी तर कसली? स्वतःचं काम ओळखू यावं एवढंच तिला हवं होतं.

बायजाबाईनं आधी दोरे पाहिले, मग दोरे बांधणारी पाहिली. पहाटे बाई फुलं फाडते, पुटपुटते (मंदाबाई कोणती झाली, कोणती राहिली ते मोजायची), देठाला स्वतःच्या लुगड्याचा दोरा बांधते, आणि जिथं दोरा तिथंच फळ धरतं. याहून जास्त पुरावा गावाला लागत नाही. दुपारपर्यंत तुलाराम, खेमराज, चंद्रभागाबाई आणि दहापाच रिकामटेकडी माणसं धुऱ्यावर हजर. मंदाबाईला घरून बोलावून आणलं.

तुलाराम तसा शांत माणूस होता. तो ओरडला नाही. त्यानं विचारलं, "हे दोरे तुहे?"

"हो, मामाजी."

"कायले बांधले?"

तिनं सगळं सांगितलं. सांगून भागेना म्हणून करून दाखवलं. दुपारी फुलं मिटलेली होती. तिनं एक उलगडलं, दुसऱ्याचा दांडा काढला, कसा फिरवायचा ते दाखवलं. बघणारी माणसं एक पाऊल मागे सरकली. तिला वाटलं, आता यांना समजेल. ती उत्साहानं बोलत होती, बिचारी.

"म्हंजे तू हात लावला का फळ धरते," तुलाराम म्हणाला.

"हो."

"अन् नाई लावला त गळते."

"हो ना, मामाजी."

"मंग दोन साल तू हात नाई लावला."

मंदाबाईला आधी कळलंच नाही. मग कळलं. ज्याच्या हातानं धरतं त्याच्याच हातानं गळत होतं, एवढा सरळ हिशेब होता तो, आणि भोवतीच्या सगळ्या माना हलत होत्या. बायजाबाई तर म्हणाली, "तवाच म्हनलं, बोट दाखवनारी बाहेरची कशी असन!"

"मी नाई वो! आधी माश्या हे काम करत होत्या," मंदाबाई म्हणाली. "याच धुऱ्यात राहत होत्या. झाडं लावाले धुरा खंदला, जाळला, तवापासून त्या गेल्या. इचारा यायले. यायनं सोता पाह्यल्या. मले सांगितलं होतं, भोकं होती, भुकटीच्या गोळ्या होत्या. इचारा ना!"

सगळे खेमराजकडे वळले. खेमराज सुबाभळीला टेकून उभा होता. ती झाडं आता त्याच्या दुप्पट-तिप्पट उंच होती. आजूबाजूच्या गावांतली माणसं ती बघायला यायची. जीपवाले साहेब त्याला 'आमचे खेमराजजी' म्हणायचे. महिनाभरानं ते पाहुणे घेऊन येणार होते. त्यानं हो म्हटलं तर काय झालं असतं? त्याच्या झाडांमुळे घरची कोहळी गेली, एवढंच ठरलं असतं. बायको सुटली असती. त्याला त्या माश्या आठवत होत्या, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. वाचणारी एकटी मंदाबाई होती.

"माश्या त सगळीकडेच राहतेत," तो म्हणाला. "मले काई याद नाई."

त्या दिवशी धुरा तिच्याकडून काढला. मारहाण झाली नाही, घराबाहेर काढलं नाही. लोक याला भलेपणा म्हणतात, म्हणून सांगून टाकलं. तिनं वेलांकडे जायचं नाही, एवढंच ठरलं. चंद्रभागाबाईनं गुडघे धरत धरत आळी सांभाळली. पुढचं एकही फळ धरलं नाही. पण दोरा बांधलेली होती ती गळली नाहीत. दिवाळीपर्यंत त्यांचे दांडगे गोळे झाले.

आता मजा बघा. ती कोहळी करणीची होती, तर फेकून द्यायला हवी होती. पण लग्न तोंडावर, आणि धुऱ्यावर दुसरं कोहळं नाही. मग चंद्रभागाबाईनं दोरे सोडले, कोहळ्यांवर तुळशीचं पाणी शिंपडलं, आणि ती आढ्याखाली टांगली. वैशाखात मांडव उभा राहिला. सुबाभळीच्या पहिल्या तोडीच्या लाकडावर मोठमोठ्या कढया चढल्या. कोहळ्याची भाजी गावानं बोटं चाटून खाल्ली. बायजाबाईनं दोनदा मागून घेतली. मंदाबाईला वाढायला येऊ दिलं नाही. ती मागे परसात, उष्ट्या भांड्यांत होती. विजयमाला निघताना तिच्या गळ्यात पडून रडली तेव्हा दोघी-चौघींनी घाईनं नवरीला ओढून नेलं.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा वेल माजले, पुन्हा फुलं आली, पुन्हा गळती. आता तर मंदाबाई तिकडे फिरकतही नव्हती, तरी गळती. कुणाच्या मनात काही यावं की नाही? चंद्रभागाबाईच्या आलं. एका सकाळी ती चुलीपाशी येऊन बसली आणि राख उकरत हळू आवाजात म्हणाली, "मंदे, जाऊन ये ना वो धुऱ्यावर. आज मस्त फुलं हायेत. मी उभी राहीन कुंपनापाशी. कोनी नाई पाहत."

मंदाबाईनं भाकरी उलटली. सासूचा तिला राग नव्हता. असता तर सोपं झालं असतं.

"कोनी पाहत असन तवाच जाईन, आत्याबाई," ती म्हणाली. "तुमच्या लेकाले म्हना, त्या दिवशी जे लोक होते त्याइलेच गोळा करा. अन् धुरा खंदताना काय पाह्यलं ते तेवढं सांगा. मंग मी साऱ्या गावच्या फुलाइले हात लावतो."

चंद्रभागाबाईनं लेकाला सांगितलं. आडून नाही, समोर बसवून सांगितलं. "तुनं पाह्यल्या होत्या ना रे?" असंही विचारलं. खेमराजनं मान खाली घातली. नाही म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी सायकल काढून तो साकोलीला गेला आणि संध्याकाळी मागे कॅरिअरला कोहळं बांधून परत आला. चांगलं मोठं होतं. त्यानं ते बायकोसमोर ठेवलं. म्हणाला, "बाजारात मस्त भेटलं. भाजी कर." सात-आठ मैल सायकल मारली त्यानं, तोंड उघडण्यापेक्षा ते त्याला हलकं गेलं.

मंदाबाई विळीवर बसली. तिनं कोहळं फोडलं, फोडी केल्या. आतला गर काढून बी वेगळं केलं. तिकडच्या बायका बी टाकत नाहीत. शेणात कालवून भिंतीला थापून ठेवतात, पुढच्या मृगाला काढतात. बी टपोरं होतं. ओंजळभर भरलं. चंद्रभागाबाई दारातून बघत होती. मंदाबाईनं ती ओंजळ तशीच चुलीत टाकली. ओलं बी तडतडलं, धूर झाला.

"माय वो! बी कायले जाळून राहिली?" चंद्रभागाबाई ओरडली.

"कोनत्या धुऱ्यावर लावू?" मंदाबाई म्हणाली.

परसात खेमराज हात धूत होता. त्याला ते ऐकू गेलं. तांब्यातलं पाणी संपलं तरी तो आत आला नाही. भाजी शिजली, पानं वाढली गेली, तुलारामनं दोनदा हाक मारली. तो तिथंच ओले हात घेऊन उभा होता.